आमच्या घरची रसायनशाळा

गेल्या दिवाळीची गोष्ट. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमची धाकटी शाळेतून आली ती दप्तर न उघडताच आजीच्या खोलीत शिरली. मुलगी दहावीत, सहामाहीचे पेपर नुकतेच मिळालेले, आणि चकलीच्या भाजणीचा वास घरभर दरवळत असतानाही ती स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. काहीतरी बिनसले आहे हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. रात्री हिने हळूच पेपर माझ्यापुढे ठेवला. विज्ञान, भाग पहिला. चाळीसपैकी अकरा! आणि गेले होते ते बहुतेक सगळे रसायनात.

"बाबा, मी ठरवलंय," दारातूनच आवाज आला. "मला सायन्सला जायचंच नाही. मी आर्ट्स घेणार. तुमच्यासारखं मराठी."

वाचकहो, वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. मराठीच्या वर्गातली बाके दरवर्षी कशी रिकामी होत चालली आहेत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्याच घरातून एक विद्यार्थिनी चालून येते म्हटल्यावर मला खरे तर पेढे वाटायला हवे होते. पण माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगतो. आजवर हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

मी मराठीकडे वळलो तो साहित्याच्या ओढीने, असे मी निरोप समारंभांतून आणि सत्कारांतून आजवर सांगत आलो. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की तीसेक वर्षांपूर्वी मी अकरावीला शास्त्र शाखेत होतो, आणि रसायनाच्या पहिल्याच चाचणीत मला शून्याच्या शेजारचा आकडा मिळाला होता. मोल म्हणजे काय, संयुजा म्हणजे काय, समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या का करायच्या, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढल्या वर्षी मुकाट्याने शाखा बदलली. मराठीवर माझे प्रेम बसले ते नंतर. आधी मी तिच्याकडे पळून आलो होतो. मुलीने यावे ते असे पळत येऊ नये, एवढेच मला वाटत होते.

"मराठी घे, इतिहास घे, काय हवे ते घे," मी म्हटले. "पण आधी या सुट्टीत आपण दोघे मिळून रसायनाची उजळणी करू. मग ठरव."

"तुम्ही? रसायन?" तिने इतक्या निर्मळ मनाने विचारले की आजीलासुद्धा हसू आवरेना.

क्षार की आम्लारी?

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसलो. निम्म्या चुका एकाच जातीच्या होत्या. जिथे 'आम्लारी' लिहायचे तिथे बाईंनी 'क्षार' लिहिले होते. तिचा तरी काय दोष? आमच्या घरात आजी पापडखार म्हणते, टाकणखार म्हणते, खोकल्यावर जवखार सांगते. हे सगळे 'खार' चवीला तुरट, बोटाला बुळबुळीत, आंबटाला मारक. आपल्या जुन्या वैद्यकातही क्षार म्हणजे आम्लाचा वैरीच. शाळेच्या पुस्तकात मात्र त्या वैऱ्याचे नाव आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी. तो पाण्यात विरघळणारा असला तर अल्क. आणि आम्ल व आम्लारी एकमेकांशी झुंजून थंड झाले की पाण्याबरोबर जे उरते त्याला पुस्तक क्षार म्हणते, जसे आपले मीठ. या झुंजीचेच नाव उदासिनीकरण.

"म्हणजे आजी चुकते?" मुलीने विचारले.

आजी चुकत नाही. धुण्याचा सोडा पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणेही क्षारच आहे. फक्त त्याचे पाण्यातले द्रावण अल्कधर्मी असते. शब्द एक, अर्थ दोन, आणि परीक्षेत कोणता धरायचा ते पुस्तक ठरवणार. हे समजावताना माझ्या लक्षात आले की मी चक्क माझाच विषय शिकवतो आहे!

मग काय, मी शब्दांचीच वाट धरली. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो त्याला फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७७७ साली जे नाव दिले त्याचा अर्थ 'आम्ल घडवणारा'. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती. ती चुकीची निघाली. १८१० साली इंग्लंडच्या हंफ्री डेव्हीने दाखवले की क्लोरिन हे मूलद्रव्य आहे, म्हणजे मिठाच्या तेजाबात ऑक्सिजनचा मागमूसही नाही. आम्लपणा येतो तो हायड्रोजनमुळे. पण नाव पडले ते पडलेच. चुकीच्या समजुतीवर पडलेले नाव सगळे जग आजही घेते, आणि आपला 'प्राणवायू' मात्र आपले काम बिनचूक सांगतो. हे ऐकून मुलगी पहिल्यांदा हसली. एवढा मोठा शास्त्रज्ञही चुकतो म्हटल्यावर अकरा गुणांचे ओझे थोडे हलके झाले असावे.

मेंडेलेव्हचे 'एक'

आवर्तसारणीचा तक्ता म्हणजे तिला साक्षात कारल्याची भाजी. मूलद्रव्ये एकशे अठरा, पाठ कोण करणार? मी म्हटले, पाठ करायचे नाही, गोष्ट ऐकायची.

१८६९ साली रशियाच्या मेंडेलेव्हने हा तक्ता मांडला तेव्हा त्रेसष्ट मूलद्रव्ये ठाऊक होती. वजनाच्या क्रमाने मांडत गेले की काही अंतराने तेच गुणधर्म पुन्हा येतात, जसा गाण्यात धृवपदाला फेरा येतो, हे त्याने हेरले. जिथे मेळ बसेना तिथे त्याने रिकामी घरे सोडली आणि सांगितले, इथले बिऱ्हाड अजून यायचे आहे! त्या न आलेल्या बिऱ्हाडांना नावे देताना त्याने शब्द कोठला घ्यावा? आपल्या संस्कृतातला. 'एक-बोरॉन', 'एक-ॲल्युमिनियम', 'एक-सिलिकॉन'. 'एक' म्हणजे त्याच रांगेत एक घर पुढचा.

१८७५ साली फ्रान्समध्ये गॅलियम सापडले, ते एक-ॲल्युमिनियम. शोधणाऱ्याने त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलेव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तरी कळवले की आकडा ५.९ च्या आसपास हवा, पुन्हा मोजा. पुन्हा मोजले तर ५.९! पुढे १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम आपापल्या घरात राहायला आले.

"हे गॅलियम तिसाच्या आसपास अंशांवर वितळते," मी सांगितले, "म्हणजे तळहातावर ठेवले तर पाणी."

"म्हणजे कोल्हापूरच्या एप्रिलात बाटलीतच वितळेल!" ती म्हणाली. तक्ता कारल्याचा राहिला नव्हता.

गुऱ्हाळावरचा तास

समीकरणांवर मात्र गाडी अडली. दोन्ही बाजूंचे अणू मोजून सारखे करायचे हे ती यंत्रासारखी करायची आणि यंत्रासारखीच चुकायची. मलाही शब्दांच्या पलीकडे काही सुचेना. शेवटी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पंचगंगेच्या पलीकडे, ओळखीच्या एका गुऱ्हाळावर गेलो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, तिथे गुळाची पेठ भरभराटली, आणि गूळ म्हणजे कोल्हापूर असे समीकरणच होऊन बसले. तेव्हा समीकरण शिकायला याहून चांगली जागा कोणती?

चुलवाणात चिपाडाचा जाळ धडाडत होता. काहिलीत रस उकळत होता. त्यात रानभेंडीचे चिकट पाणी ओतले की रसातला गाळ एकमेकाला धरून वर येतो, आणि मळी काढून टाकता येते. मग गुळव्याने चुन्याची निवळी घातली. मुलीने विचारले, "काका, चुना कशाला?"

"कमी पडला तर गूळ बसत न्हाई बग पोरी, नुसता लिबलिबीत ऱ्हातो," तो म्हणाला. "आनि लई पडला तर काळा पडतोय. मोजून घालाय लागतोय."

"किती मोजून?"

"हातानं!"

परत येताना तिने स्वतःच उलगडा केला. उसाचा रस किंचित आम्लधर्मी. आम्लात साखर तापली की ती फुटते. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे बारा, हायड्रोजनचे बावीस, ऑक्सिजनचे अकरा अणू. तिला पाण्याचा एक रेणू मिळाला की दोन लहान साखरा होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. प्रत्येकीत सहा, बारा आणि सहा. फुटलेल्या साखरेचे खडे धरत नाहीत, म्हणून गूळ बसत नाही. चुना हा आम्लारी. तो आम्लाला आवरतो, साखर फुटायची थांबते. बोटांवर मोजत ती म्हणाली, "बावीस आणि पाण्यातले दोन, चोवीस. बारा दुणे चोवीस. अकरा आणि एक, बारा. सहा दुणे बारा. बाबा, जुळलं! काहीच हरवलं नाही!"

काहीच हरवत नाही. जेवढे अणू आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत, फक्त त्यांच्या जोड्या बदलतात. एवढेच समीकरण. तीस वर्षांपूर्वी हे कोणी मला काहिलीजवळ उभे करून सांगितले असते तर? असो.

मोल मग सोपा झाला. आंब्यांचा डझन, कागदांचा दस्ता, तसा रेणूंचा मोल. फक्त मोजायची वस्तू फार बारीक, म्हणून माप फार मोठे. ६०२ लिहून पुढे एकवीस शून्ये द्यावीत, साधारण तेवढे. एवढे रेणू पाण्याचे घेतले तर वजन भरते अठरा ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचेसुद्धा नीट भरत नाहीत. आजीने चार चमचे पाणी वाटीत घेतले आणि बराच वेळ त्या वाटीकडे पाहात राहिल्या.

राजारामचे मोडक मास्तर

एका रात्री मी लेकीला बाळाजी प्रभाकर मोडकांची गोष्ट सांगितली. १८४७ ते १९०६ हा त्यांचा काळ. इथेच, आमच्या कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात ते विज्ञान शिकवत. शास्त्रीय विषय मराठीतून सांगता येतात यावर विश्वास ठेवून त्यांनी रसायनावर आणि इतर शास्त्रांवर मराठीत पुस्तके लिहिली. तेव्हा शब्द तयार नव्हते. एकेक शब्द शोधून, घडवून घ्यावा लागे. आणि याच गृहस्थांनी वेगवेगळ्या शकांच्या तारखा जुळवणारी जंत्री केली, दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यांचा इतिहास लिहिला. इतिहासाचे अभ्यासक अजून मोडकांची जंत्री हाताशी ठेवतात.

"म्हणजे त्यांना दोन्ही यायचं?" ती म्हणाली.

"त्यांच्या काळी या दोन विषयांत भिंत नव्हती," मी म्हटले. "ती आपण घातली. मी तर त्या भिंतीआड तीस वर्षे लपून बसलो."

आणि मग माझी ती अकरावीची चाचणी तिला सांगून टाकली. शून्याच्या शेजारचा आकडासुद्धा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तुमचीपण उजळणीच चाललीय की!"

निकाल

मार्च गेला, निकाल लागला. विज्ञानाच्या त्या भागात चाळीसपैकी एकोणतीस. पेपरात नाव यावे असे गुण नव्हेत, पण अकराचे एकोणतीस झाले, आणि तेही खाजगी क्लासशिवाय. अकरावीचा अर्ज भरायच्या दिवशी मी मुद्दाम बाजूच्या खोलीत बसलो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, आर्ट्स भरलंय. इतिहास घेणार."

मी विचारले, "रसायनाला भिऊन?"

"छे! भिऊन असतं तर दिवाळीतच भरलं असतं. रसायन जमायला लागलं तेव्हाच कळलं, मला इतिहास जास्त आवडतो. न जमणाऱ्या गोष्टीपेक्षा दुसरं काहीही आवडतंच हो!"

यावर मी काय बोलणार? पेढे मात्र त्या दिवशी आणले.

यंदा नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात पुन्हा अभ्यंगाची गडबड असेल. आमच्याकडे उटण्यात हळद सढळ हाताने पडते. उटणे लावल्यावर साबण लागला की अंगावर लाल ओघळ येतात, आणि लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटे. साबण अल्कधर्मी, आणि अल्क भेटला की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकांना हे केव्हापासून ठाऊक आहे. आपल्याही घरी कोणी दहावीचे मूल रसायनाच्या पुस्तकावर डोके टेकून बसले असेल, तर त्याला त्या पहाटे न्हाणीघरात बोलवा आणि ते लाल ओघळ दाखवा. शाखा कोणती घ्यायची ते त्याचे त्याला नंतर ठरवू द्या. आणि त्याच्या शेजारी पाट मांडून बसायची लाज वाटून घेऊ नका. माझ्या टेबलावर लेकीचे दहावीचे पुस्तक अजून आहे. धातूंचे प्रकरण तेवढे व्हायचे राहिले आहे.