रानांतल्या घराची वीज आणि तिचा पुरवठादार

वऱ्हाडांतील शहरी कुटुंबाचा एक पाय अद्याप शेतांत असतो. अमरावतीच्या वकिलाची संत्र्याची बाग वरुडाकडे किंवा मोर्शीकडे असते; अकोल्याच्या डॉक्टरांचें वडिलोपार्जित रान अकोटाजवळ किंवा पातूरच्या बाजूस असतें; आणि ज्यांना साधतें ते चिखलदऱ्यास दोन खोल्यांचें घर बांधून मे महिन्याची तलखी तेथें चुकवितात. अशा घरापर्यंत विजेचा खांब पुष्कळदां येत नाहीं, आणि आला तरी ऐन रात्रीं वीज असेलच असा भरंवसा नसतो. पूर्वीं कंदिलावर भागत असे. आतां दिवे, पंखे, फवारणीच्या पंपाची बॅटरी आणि मोबाइल यांची सोय सौर विजेवर होऊं शकते, व ती करून देणारीं दुकानें अमरावतींत आणि अकोल्यांत पुष्कळ झालीं आहेत. ही केवळ चैनीची बाब नव्हे. रात्रीं रानडुकरें आणि रोही पिकांत शिरूं नयेत म्हणून जो गडी जागलीस राहतो, त्याच्या वाटेवर साप आहे कीं दोरी आहे हें दिसणें वा न दिसणें एका दिव्यावर अवलंबून असतें. तो दिवा श्रावणांतही लागला पाहिजे. आणि तो लागेल कीं नाहीं हें बहुधा तो बसविणारा कोण होता यावरून ठरतें.

पॅनेलची चिंता आतां तितकीशी उरलेली नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला, तेव्हां तो अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें ६ टक्केच प्रकाश विजेंत बदलीत असे. आज बाजारांतील साधें पॅनेलही २० टक्क्यांपर्यंत पोहोंचलें आहे, आणि चांगल्या कारखान्याचें पॅनेल पंचवीस वर्षें काम देतें. बिघडतें तें त्याच्या मागचें: बॅटरी, चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर, आणि सर्वांत अधिक म्हणजे तारांचे जोड. हे जोड कारखान्यांत होत नाहींत. ते विक्रेत्याचा कारागीर गच्चीवर उन्हांत उभा राहून करतो. म्हणून येथें मालाच्या छापापेक्षां माणसाची पारख अधिक लागते.

ती पारख दुकानांत पाऊल टाकल्यापासूनच करतां येते. "एक किलोवॅट बसवा, सगळें चालेल," असें जो पहिल्या वाक्यांत सांगतो त्याचा नमस्कार घेऊन बाहेर पडावें. जाणता विक्रेता किंमत सांगण्यापूर्वीं प्रश्न विचारतो: दिवे किती, पंखे साधे कीं कमी विजेचे, कुलर लागतो काय, घर वर्षभर वापरांत असतें कीं सुटींतच, छपरावर कडुनिंबाची सावली येते काय. या उत्तरांवरून तो जो हिशेब करील तो घरच्या माणसानेंही आधीं कागदावर मांडून पाहिलेला बरा.

समजा, ९ वॅटचे चार दिवे रोज पांच तास लागतात. ते १८० वॅट-तास झाले. कमी विजेचे, म्हणजे सुमारें ३० वॅटचे, दोन पंखे दहा तास चालले तर ६००. मोबाइल आणि किरकोळ गोष्टी ४०. एकूण ८२० वॅट-तास, म्हणजे घरच्या भाषेंत पाऊण युनिटाहून थोडें अधिक. तारा, बॅटरी, इन्व्हर्टर आणि धूळ यांत सुमारें चौथा हिस्सा वाटेंतच जातो, म्हणून पॅनेलकडून अकराशेंची अपेक्षा धरावी लागते. आतां ऊन किती? वऱ्हाडांत वर्षाची सरासरी काढली तर रोज सुमारें पांच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी शक्ति मिळते; एप्रिल-मेमध्यें ती सहाच्या पुढें जाते, जुलै-ऑगस्टांत चाराच्या आसपास उतरते, आणि झड लागली म्हणजे दिवसाकाठीं दोन तासांचेंही ऊन पदरांत पडत नाहीं. चिखलदऱ्यास ढग डोंगरालाच टेकलेले असतात. तेथें याहूनही कमी धरावें. चार तासांच्या हिशेबानें २७५ वॅट पुरतात खरे, पण शहाणा विक्रेता ४०० सांगेल, आणि त्यांत लबाडी नाहीं. झडीनंतर जें ऊन मिळेल तेवढ्यांत रिकामी बॅटरी भरून निघाली पाहिजे. शिवाय हींच ४०० वॅटचीं पॅनेलें मे महिन्यांत रोज सुमारें १,८०० वॅट-तास देतात. त्यांत दिवे-पंखे भागून १५० वॅटचा कुलर दुपारीं सहा तास चालतो. वऱ्हाडांत कुलर जेव्हां हवा तेव्हांच सूर्यही उदार असतो, ही निसर्गाची मोठीच मेहेरबानी म्हणावयाची.

उन्हाबद्दल एक समज मात्र काढून टाकला पाहिजे. अकोल्यास पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे पॅनेल अधिक वीज देईल असें पुष्कळांना वाटतें. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याच्यावर लिहिलेली शक्ति ही घटाचें तपमान २५ अंश धरून लिहिलेली असते. त्यापुढें प्रत्येक अंशास साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट येते. वैशाखाच्या दुपारीं पॅनेलचें अंग ७० अंशांपर्यंत तापलें तर सहावा हिस्सा असा तेथेंच जातो. पत्र्याला पॅनेल चिकटवून बसविणाऱ्या कारागिराला हें ठाऊक नसतें. जाणता मनुष्य खालून वारा खेळेल इतकी पोकळी ठेवतो, आणि पॅनेलचें तोंड दक्षिणेस करून त्याला सुमारें २० अंशांचा उतार देतो, कारण हीं दोन्ही शहरें २१ व्या अक्षांशाच्या अगदीं जवळ आहेत.

सर्वांत मोठा घोटाळा कंट्रोलरच्या ठिकाणीं होतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसतच नाहीं. शहरांतील गच्च्यांवर बसतात तीं ५४० वॅटचीं मोठीं पॅनेलें आज वॅटमागें स्वस्त पडतात. रानांतल्या घरासाठींही विक्रेता तेंच देतो, १२ व्होल्टची बॅटरी देतो, आणि मध्यें सर्वांत स्वस्त, पी.डब्ल्यू.एम. जातीचा कंट्रोलर बसवितो. हें पॅनेल सुमारें ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देतें. त्या दोहोंचा गुणाकार म्हणजे ५४० वॅट. पण हा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या पातळीवर खेंचून धरतो. अँपिअर १३ च राहतात आणि व्होल्टही १३ होतात. हाताशीं आले १७० वॅट; उरलेले ३७० गिऱ्हाइकानें पैसे मोजूनही छपरावरच राहिले. एम.पी.पी.टी. जातीचा कंट्रोलर जादा व्होल्टचें रूपांतर अँपिअरमध्यें करतो व हें नुकसान टाळतो. तो महाग असतो, परंतु मोठ्या पॅनेलबरोबर दुसरा घेणें म्हणजे विहिरीला मोट लावून नाडा फाटका ठेवण्यासारखें आहे. "कंट्रोलर कोणत्या जातीचा, आणि या पॅनेलबरोबर तोच कां?" हा एकच प्रश्न विचारला तरी विक्रेत्याचें ज्ञान उघडें पडतें.

बॅटरीचें प्रकरण याहून खर्चाचें. शिशाच्या, ट्यूब्युलर म्हणविणाऱ्या बॅटरीचा साठा निम्म्याहून अधिक रोज उपसला तर तिचें आयुष्य झपाट्यानें कमी होतें. वरच्या घराला दोन दिवसांची तरतूद करावयाची तर १,६४० वॅट-तास हवेत. त्यासाठीं १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या लागतात. येथेंही अंकांचा खेळ असतो. १५० चा आंकडा वीस तासांत हळूहळू उपसून मोजला आहे कीं दहा तासांत, हें छापावर "सी २०" अथवा "सी १०" असें दिलेलें असतें. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा पहिल्या मापाची, आणि सौर कामासाठीं केलेली दुसऱ्या मापाची. आंकडा एकच, पण दुसरींत साठा अधिक. दोघांच्या किंमतींची तुलना करतांना हें न पाहणारा मनुष्य स्वस्ताईच्या समाधानांत फसतो. लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी ८० ते ९० टक्के उपसतां येते, पाणी मागत नाहीं आणि पुष्कळ अधिक काळ टिकते. किंमत मात्र आरंभीं जड वाटते. जेथें शहरांतून पंधरा दिवसांनीं कोणीतरी जातो आणि डिस्टिल्ड पाणी घालणें गड्यावर सोंपवावें लागतें, तेथें तिचाच विचार करावा. परंतु तिच्या आंत जी संरक्षक यंत्रणा असते ती बिघडली तर अमरावतींत अगर अकोल्यांत कोण उघडून पाहतो, हें पैसे देण्यापूर्वीं विचारलें पाहिजे. कोणतीही बॅटरी पश्चिमेच्या तापत्या भिंतीशीं, पत्र्याच्या खोपटांत ठेवूं नये. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य दर १० अंश वाढीमागें जवळजवळ निम्मे होतें.

हमीच्या कागदावरचे "३६ + २४" हे आंकडेही समजून घ्यावे. पहिले ३६ महिने बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किंमतींत कांहीं सूट मिळते, एवढेंच. तिला पांच वर्षांची हमी म्हणणारा विक्रेता अगदीं खोटें बोलत नसतो, पण खरेंही बोलत नसतो.

आतां जागेचा प्रश्न. वऱ्हाडची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल इतकी भेगाळते. तिच्यांत वरवर पुरलेला पॅनेलचा खांब दोन वर्षांत कलतो. पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. भेगाळलेल्या मातींत अर्थिंगच्या सळईचा मातीशीं संबंध सुटतो, आणि नेमके तेव्हांच, मृगाच्या आगेंमागें, विजांचें थैमान सुरू होतें. सर्ज रोखणारें साधन व खोल अर्थिंग हीं दरपत्रकांत नसतील तर दरपत्रक अपुरें समजावें. चिखलदऱ्यास तिसराच उपद्रव, वानरांचा. पॅनेलची कांच कडक केलेली असते, तरी कळपानें उड्या मारण्यासाठीं ती केलेली नाहीं, आणि उघड्या तारा ओढणें हा तर वानरांचा आवडता उद्योग. तारा नळींतून नेल्या आहेत कीं नाहीं हें पाहिलें म्हणजे कारागीर त्या डोंगरावर पूर्वीं गेला आहे काय हें कळतें.

पुरवठादार कोठला असावा? पुण्याहून अगर इंटरनेटवरून माल मागविला तर किंमत कमी पडते यांत शंका नाहीं. पॅनेलच्या बाबतींत तें चालूं शकेल. पण पन्नास किलोची बॅटरी हमींत बदलून घेण्यासाठीं परत कोण पाठविणार आणि भाडें कोण भरणार? अमरावतीहून चिखलदरा परतवाड्यावरून सुमारें ८० किलोमीटर आहे. अकोल्याच्या दुकानदाराला तेथें येण्यास याहून बरीच लांब वाट आणि एक दिवस लागतो. म्हणून परतवाड्याचा लहान दुकानदार कित्येकदां मोठ्या शहराच्या मोठ्या पेढीहून उपयोगी ठरतो. त्यानें तीन वर्षांपूर्वीं बसविलेलीं दोन घरें पाहावयास मागावीं. नवीन काम सर्वांचेंच चांगलें दिसतें. तीन पावसाळे खाल्लेलें काम खरें बोलतें. त्या घरच्या माणसाला एकच विचारावें: बिघाड झाला तेव्हां बोलावल्यापासून किती दिवसांनीं मनुष्य आला?

हीच कसोटी शेतपंपालाही लागू आहे. महावितरणच्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" या २०२४ च्या योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास किंमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्केच भरावे लागतात, आणि मान्य यादींतून पुरवठादार शेतकऱ्यानें स्वतः निवडावयाचा असतो. दुरुस्तीची जबाबदारी पांच वर्षें त्या पुरवठादारावर असते. यादींतील नांवें अनोळखी असतात म्हणून पुष्कळजण शेजाऱ्याचें पाहून बोट ठेवतात. त्याऐवजीं आपल्याच तालुक्यांत कोणाच्या पंपाची दुरुस्ती वेळेवर झाली हें विचारून निवड करावी. घरासाठींच्या अनुदानाची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेली "पीएम सूर्यघर" योजना ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य देते, परंतु तें विजेच्या जाळ्याशीं जोडलेल्या राहत्या घरांच्या छपरांना. खांब नसलेल्या मळ्यावरच्या घरासाठीं हेंच अनुदान मिळवून देतों असें सांगणारा दुकानदार तेवढ्यावरूनच बाद करावा.

दरपत्रक लेखी घ्यावें आणि त्यांत प्रत्येक वस्तूचें नांव, माप व हमी वेगळी लिहून मागावी. "संपूर्ण संच" या दोन शब्दांत पुष्कळ कांहीं लपतें. पैसे टप्प्यांनीं द्यावे, आणि दहावा हिस्सा तरी महिनाभर काम पाहून मग द्यावा. पक्कें बिल टाळून कर वाचविण्याचा मोह होतो; पण २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साधनांवरील जी.एस.टी. १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि त्या ५ टक्क्यांसाठीं हमी गमावणें हा कसला व्यवहार! बिल असलें म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढें तक्रार करतां येते, विक्रेता पुण्याचा असला तरीही.

अलीकडे कांहीं हौशी मंडळी मोटारींतच बिछाना आणि चूल मांडून मेळघाटांत किंवा नरनाळ्याकडे जातात. तिच्या छपरावर पॅनेल सपाट बसवावें लागतें, तें तापतें, आणि वऱ्हाडांत आणखी एक पेंच पडतो: उन्हाळ्यांत गाडी झाडाखालीं उभी करावी तर पॅनेल उपाशी, उन्हांत उभी करावी तर माणसें भाजतात. त्यासाठीं घडीचें पॅनेल लांब तारेवर उन्हांत मांडण्याची सोय विक्रेत्यानें सुचविली तर त्यानें गाडीचा विचार केला आहे असें समजावें. घाटांतील हादऱ्यांनीं पिळून जोडलेल्या तारा सुटतात. दाबून बसविलेलीं टोकें आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज, या दोन गोष्टी नसतील तर ती गाडी आगीस आमंत्रण देते. हें काम घरावर पॅनेल बसविणारा एकटा करूं शकत नाहीं, आणि मोटारीचा वायरमनही एकटा करूं शकत नाहीं. दोघांना एके दिवशीं एकाच गाडीजवळ उभें करावें, आणि छपराला भोंक पाडण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाचा नियम विचारून घ्यावा.