ऑनलाइन व्यापार: दुकान न सोडता, हिशेब करून

नाशिकच्या इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्ता, राजीवनगर या भागांत किराणा, फरसाण, शिलाई, हार्डवेअर असे पिढीजात धंदे करणाऱ्यांशी ऑनलाइनचा विषय काढला, की एक समज हमखास पुढे येतो: ऑनलाइन जाणं म्हणजे आपला माल एखाद्या बड्या कंपनीच्या ॲपवर चढवणं आणि तिच्या अटींवर जगणं. बाकीच्या बहुतेक भीती या समजातूनच निघतात, म्हणून आधी तो दूर करायला हवा. गिऱ्हाइकाला दुकान फोनवर सापडणं, त्याची ऑर्डर फोनवर घेणं आणि पैसे फोनवर स्वीकारणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी गूगल मॅपवर दुकानाची नोंद करावी लागते, तिला पैसे पडत नाहीत. दुसरीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आहे. ते भारतात २०१८ च्या जानेवारीत आलं आणि त्यात मालाची फोटो-भावासह यादी फुकट लावता येते. तिसरी पायरी तर बहुतेकांनी कधीच ओलांडली आहे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याचे महिन्याचे व्यवहार १,००० कोटींच्या पुढे गेले, आणि खात्यातून खात्यात होणाऱ्या अशा व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला बँकेचं कमिशन द्यावं लागत नाही. गल्ल्याशेजारी क्यूआर कोड लावलेला दुकानदार अर्धा ऑनलाइन झालेलाच आहे.

‘आमचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे’ हे म्हणणं काही वर्षांपूर्वी बरोबर होतं. पण इंदिरानगर ही महामार्गालगत वाढत गेलेली वसाहत आहे. नव्या इमारतीत भाड्याने राहायला आलेलं कुटुंब शिंपी किंवा प्लंबिंगचं सामान शोधताना शेजाऱ्याचं दार वाजवण्याआधी फोन उघडतं. तिथे नाव नसलेलं दुकान त्या कुटुंबाच्या लेखी नसतंच, मग ते कोपऱ्यावर का असेना. दुसरीकडे, जुन्या गिऱ्हाइकांची मुलं पुण्या-मुंबईला गेली, त्यांना नाशिकचा चिवडा आणि ओळखीच्या दुकानाचा मसाला हवाच असतो. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे; बाहेरून येणारा भाविक दुकानं शोधणार ती मॅपवरच.

कागदपत्रांची धास्ती सर्वांत मोठी, आणि माहिती जुनी झाल्यामुळे टिकून राहिलेली. पूर्वी ई-कॉमर्स कंपनीमार्फत माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा नियम सैल झाला. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल, म्हणजे महाराष्ट्रात मालासाठी वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून एक क्रमांक घेऊन राज्यांतर्गत विक्री करता येते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यालाही राज्याच्या हद्दीत ही वाट मोकळी झाली. याचा अर्थ, पापड-मसाले करणारा एखादा महिला गट नोंदणीशिवाय कोल्हापूर-नागपूरपर्यंत माल पाठवू शकतो. इंदूरला किंवा सुरतेला पाठवायचा असेल तर मात्र सर्वसाधारणपणे नोंदणी लागते, आणि खाद्यपदार्थांना अन्न परवाना लागतो. पण तो काउंटरवर विकतानाही लागतोच.

आता खरा आक्षेप. बड्या कंपन्यांच्या सवलतींशी आपण टिकणार कसे? हा आक्षेप पोकळ नाही. दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने भरमसाट सवलती आणि ठरावीक विक्रेत्यांना मिळणारं झुकतं माप यांबद्दल तक्रार केली, तेव्हा स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला होता. किराण्यातला नफा इतका पातळ असतो, की कमिशन, पॅकिंग, कुरिअर आणि परत आलेला माल यांत तो संपूनही जाईल. म्हणून साखर-तेल ॲपवर विकायला जाऊ नये. अशा मालासाठी शेजारच्या सोसायटीची ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेऊन घरपोच देणं पुरे. जिथे माल तुमच्या हातचा आहे, म्हणजे फराळ, शिवलेले कपडे, तांब्या-पितळेची भांडी, तिथे भाव तुम्ही ठरवता आणि लांबची विक्री परवडते. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन क्रमांक मात्र आपल्याच वहीत राहिले पाहिजेत. ॲपवर विकलं तर गिऱ्हाईक ॲपचं होतं, आणि हे नुकसान कमिशनपेक्षा मोठं आहे.

फसवणुकीची भीतीही खरी आहे, पण फसवणूक टाळण्याचे नियम पाळायला सोपे आहेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. आपल्या खात्यात किंवा साउंडबॉक्सवर रक्कम आल्याची खात्री झाल्यावरच माल द्या. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मुलाने किंवा सुनेने हे बघावं म्हणून थांबू नका. या आठवड्यात दुकानाचं नाव मराठी आणि इंग्रजीत, उघडण्या-मिटण्याची वेळ, फोन क्रमांक आणि चार स्वच्छ फोटो एवढंच मॅपवर चढवा. ॲपवर विकायचं की नाही, हे त्यानंतर हिशेब मांडून ठरवा.