आधी झीज, मग जुळवणी

कळंब्याहून गारगोटी रस्त्याला लागलो की माझी जुनी जीप डावीकडे ओढायची. खड्ड्यात खट्ट वाजायचं. ‘अलाइनमेंट करा,’ असा सल्ला मिळाला. बँकेत ताळा जुळला नाही, की फरक सस्पेन्स खात्यात टाकून आम्ही घर गाठायचो. इथं मात्र मागच्या सीटवर नात असायची.

मिस्त्रीनं पुढचं चाक जॅकवर उचललं. डावी-उजवीकडे धरून हलवलं. टाय रॉड ठीक. वर-खाली धरून हलवताच खडखड! मला ब्रेक दाबायला लावला. खडखड थांबली असती, तर दोष बेअरिंगचा. ती थांबली नाही, म्हणजे बॉल जॉइंट.

‘हा निसटला तर चाक आडवं हुतंय, काका.’

जॉइंट बदलला, मगच अलाइनमेंट. हिशेबातला हा क्रम निवृत्तीनंतर शिकलो.