टायरची हवा आणि ब्रेकची टाकी

एअर ब्रेकच्या गाडीत हवेची टाकी असतेच, मग आडरस्त्यावर टायर बसला तर पंक्चरवाल्याची वाट का पाहावी, असे ट्रकवाले बांधव आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण आधी हिशेब पाहू.

समजा टाकी ४० लिटरची, दाब ११५ पौंड. टायरची पोकळी १२० लिटर, हवा ११० पौंड हवी पण ९० उरली आहे. इंजिन बंद ठेवून नळी जोडली, तर दोन्हींकडचा दाब ९६ पौंडांवर सारखा होतो आणि हवा थांबते. टायरला मिळाले सहा पौंड, ब्रेकचे गेले एकोणीस! म्हणजे टायर भरतो तो कंप्रेसर, टाकी नव्हे. तेव्हा इंजिन चालूच ठेवावे; पार्किंग ब्रेक ओढावा, चाकांखाली ओट लावावी.

पुष्कळ गाड्यांत अनलोडर व्हॉल्व्हवरच टायर भरण्याचे तोंड दिलेले असते. तिथे नळी लावूनही हवा येत नाही, अशी तक्रार ऐकू येते. टाकी पूर्ण भरली की कंप्रेसर हवा बाहेर सोडून देतो, हे त्याचे कारण. ब्रेक चार-सहा वेळा दाबून टाकीचा दाब उतरवावा, मग नळी लावावी. काम झाल्यावर काटा पुन्हा चढल्याशिवाय गाडी हलवू नये. घाटात तर मुळीच नाही. टाकीतले पाणीही रोज काढावे, नाहीतर तेच टायरमध्ये जाते.

खरा धोका वेगळाच आहे. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर टायर पळाला असेल, तर आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात. असा टायर रस्त्यात भरू नये. स्टेपनी चढवावी आणि तो खोलून तपासून पिंजऱ्यातच भरावा. रिंगच्या चाकाची रिंग नीट बसली नसेल तर ती गोळ्यासारखी उडते व माणूस जागीच जातो. नळी लांब आणि तोंडाला चिमटा असलेली घ्यावी. चाकाच्या समोर न बसता नक्षीच्या बाजूला दूर उभे राहावे. दोनशे रुपये वाचवायला क्लीनरला रिंगसमोर बसवणारा मालक आम्हांला शहाणा वाटत नाही.

एअर ब्रेक नसलेल्या छोट्या टेम्पोला बॅटरीवरचा बारा व्होल्टचा पंप पुरतो, फक्त तो मध्येमध्ये थंड होऊ द्यावा. वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन मात्र टायरमध्ये कधीही भरू नये. ऑक्सिजनमध्ये तेल आणि रबर भडकून पेटते.