ऑर्किडच्या पाकळीवरचे डाग

ऑर्किडच्या उमललेल्या फुलावर पडलेला डाग कोणत्याही औषधाने जात नाही. पाकळीची पेशी एकदा मेली की तिथे नवी तयार होत नाही. डागाचे कारण शोधायचे ते त्याच दांड्यावरच्या कळ्या आणि पुढचा बहर वाचवण्यासाठी. म्हणून फवारणीचा पंप हातात घेण्याआधी फूल नीट पाहावे. डाग कळी उमलतानाच होता की नंतर आला, रोज वाढतो आहे की तेवढाच राहिला आहे, सगळ्या फुलांवर आहे की एखाद्यावरच, एवढे कळले तरी निम्मे निदान झाले.

सर्वांत जास्त आढळतात ते करड्या बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे डाग. फॅलेनॉप्सिस किंवा कॅटलियाच्या फिक्या पाकळीवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात आणि पुष्कळदा त्यांच्याभोवती पुसट गुलाबी कड असते. हवा दमट राहिली तर ठिपके एकमेकांना मिळतात, पाकळी मऊ पडते आणि शेवटी तिच्यावर करडी लव येते. या बुरशीचे बीजाणू हवेतून येतात; सुकलेली फुले आणि कुजका पालापाचोळा हे त्यांचे घर. बीजाणू रुजायला पाकळीवर काही तास पाण्याचा पातळ थर टिकावा लागतो आणि १८ ते २२ अंश सेल्सिअसची थंड हवा त्यांना विशेष मानवते. बंद पॉलिहाउसमध्ये पहाटे फुलांवर दव धरते, तेव्हा दोन्ही गोष्टी आयत्या जुळून येतात. उष्ण-दमट हवेत डेंड्रोबियमच्या फुलांवर गंजासारखे पिवळट तपकिरी ठिपके पडतात. ते बहुधा कर्व्ह्युलारिया या दुसऱ्या बुरशीचे असतात. थायलंडच्या डेंड्रोबियम उत्पादकांना हा रोग चांगलाच परिचित आहे.

उपाय मात्र दोन्हींवर जवळजवळ सारखाच. पाणी सकाळी द्यावे, फुलांवर पडू देऊ नये, हवा खेळती ठेवावी, गरज पडली तर लहान पंखा लावावा. डागाळलेली आणि सुकलेली फुले तोडून बागेबाहेर न्यावीत, कुंडीत पडू देऊ नयेत. उमललेल्या फुलांवर बुरशीनाशक फवारू नये, कारण पुष्कळदा औषधाचेच डाग पडतात. या बुरशीने फुलाची शोभा जाते, झाडाच्या जिवाला सहसा धोका नसतो.

फुलकिड्यांची खूण वेगळी. ते पाकळी खरवडून रस शोषतात. खरवडलेल्या पेशींत हवा शिरते आणि तिथे चंदेरी-पांढरे ओरखडे उठतात. पुढे ते तपकिरी होतात. किडे मिटल्या कळीत शिरतात, म्हणून फूल उमलतानाच पाकळ्यांच्या कडा करपलेल्या किंवा मुडपलेल्या असतात. ओरखड्यांजवळ विष्ठेचे बारीक काळे ठिपके असले तर शंका उरत नाही. पांढऱ्या कागदावर फूल हळूच झटकावे. एक-दोन मिलिमीटर लांबीचे, बारीक रेघेसारखे पिवळट किंवा काळपट किडे पळताना दिसतात. भिंग असेल तर उत्तम. अशी फुले पिशवीत बंद करून टाकून द्यावीत. कळ्या दांड्यावर दिसू लागल्यापासूनच पाहणी ठेवली तर बहर हाती लागतो.

काही कारणे नजरेसरशी कळतात. रात्री पाकळीला वेडीवाकडी भोके पडली आणि जवळपास चकाकता चिकट माग दिसला तर गोगलगाय. उन्हाच्या बाजूचाच भाग पांढरट होऊन कागदासारखा वाळला तर ऊन लागले. एकच फूल एक-दोन दिवसांत मलूल झाले आणि शेजारची टवटवीत राहिली, तर कीटकाने परागीभवन केले असण्याची शक्यता मोठी. सगळीच फुले आणि कळ्या एकदम कोमेजल्या तर इथिलीन वायूचा संशय घ्यावा. पिकलेल्या आंब्या-केळ्यांच्या शेजारी फुलदाणी ठेवली तरी तो पुरतो. कळ्यांच्या देठाशी येणारे चिकट गोड थेंब पुष्कळदा झाडाचे स्वतःचेच असतात. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसले तरच औषधाचा विचार करावा. कॅटलियाचे फूल दोन-तीन आठवड्यांनी विटते, हे वयाचेच लक्षण.

खरी काळजी करायची ती विषाणूची. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडमध्ये सर्वाधिक आढळतात. पाकळीवर मूळ रंगाचे गडद-फिके पट्टे आणि ठिगळे उठतात. जातीचे नैसर्गिक ठिपके, उदाहरणार्थ सह्याद्रीत झाडांवर वाढणाऱ्या सीतेच्या वेणीच्या फुलांवरचे, साधारणपणे डाव्या-उजव्या पाकळीवर सारखे असतात. विषाणूची ठिगळे अशी जोडी पाळत नाहीत. कॅटलियात फूल चांगले उमलते आणि नंतर त्यावर तपकिरी रेघा उमटतात. दर बहराला तीच विकृती परत आली तर संशय बळावतो. तरी केवळ डोळ्यांनी निर्णय करू नये, कारण बाधित झाड वर्षानुवर्षे निरोगीही दिसू शकते. पानाच्या रसावर चालणाऱ्या चाचणीपट्ट्या मिळतात, त्यांनी काही मिनिटांत उत्तर कळते. विषाणू नक्की ठरला तर त्यावर औषध नाही. झाड वेगळे ठेवावे किंवा नष्ट करावे, त्याची वाटणी करून कोणाला देऊ नये. हे विषाणू मुख्यतः कात्रीला लागलेल्या रसातून पसरतात. म्हणून दांडा कापताना प्रत्येक झाडाला नवे ब्लेड घ्यावे किंवा पाते ज्योतीवर तापवून घ्यावे, आणि एका कुंडीतून निथळलेले पाणी दुसऱ्या कुंडीला घालू नये.