कप्पतगुड्डचं सोनं : ओढ्याकडून डोंगराकडे

सोन्यावर लिहा म्हटलं की संपादकांना कोलार हवं असतं. कोलारवर लिहून लिहून शाई आटली. 28 फेब्रुवारी 2001 ला ती खाण बंद पडली, हट्टीची अजून चालू आहे. एवढं सगळ्यांना पाठ आहे. मला लिहायचंय ते गदगजवळच्या कप्पतगुड्डबद्दल. इथे सोनं आहे हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, आणि नांदती म्हणावी अशी खाण एकही नाही.

हा डोंगर जुन्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्याचा. लगतचा शिरहट्टी तालुका सांगलीच्या पटवर्धनांकडे होता, तेव्हा इथल्या एका जुन्या खाणीचं नाव ‘सांगली’ असल्याचं नवल वाटायला नको. भूशास्त्राच्या हिशेबात हे चित्रदुर्ग शिस्ट पट्ट्याचं उत्तरेकडचं टोक : रूपांतरित बेसाल्ट, ग्रेवॅक, फिलाइट आणि कण्यासारखे उभे राहिलेले लोहखनिजाचे पट्टे.

भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1874 मध्ये या टेकड्यांवर निबंध लिहिला. तेव्हा त्या दंबळच्या टेकड्या म्हणून ओळखल्या जात. प्रागितिहासवाले फूटना दगडी हत्यारांसाठी पुजतात. मी त्यांना या निबंधासाठी मानतो. ते डोंगरावरून ओढ्याकडे आले नाहीत, ओढ्यातून डोंगराकडे गेले. वाळू धुणाऱ्या जलगारांना, म्हणजे आपल्या सराफकट्ट्यावरच्या झारेकऱ्यांच्या भाऊबंदांना, हाताशी धरून ओढे तपासले आणि सोरटूरच्या ओढ्याला सोनं लागतं तर त्याचं पाणी कुठल्या खडकांवरून येतं, हा प्रश्न विचारला. उभ्या हयातीत मी विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी हेच ओरडत आलो.

वाळू धुण्याची पाटी फिरवणं पुस्तकातून येत नाही. पाण्याखाली धरून हिसके द्यायचे. हलकी वाळू काठावरून निघून जाते, गारगोटीचा चुरा जातो आणि तळाशी मॅग्नेटाइटची काळी वाळू उरते. मग पाटी तिरकी करून ओंजळभर पाणी खेळवायचं, की काळ्या वाळूच्या शेपटाला पिवळा ठिपका मागे राहतो. अभ्रक नवख्याला हटकून फसवतं. ते उन्हात लुकलुकतं आणि सावलीत विझतं. सोनं सावलीतही पिवळंच. भिंगाखाली कण खडबडीत, टोकदार दिसला तर उगम जवळ आहे, घासून चपटा झाला असेल तर बरंच चालायचंय. एवढी माहिती देणारं आणि इतकं स्वस्त दुसरं यंत्र मला तरी माहीत नाही.

उगमाशी काय घडलं? सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी हे खडक दाबले, पिळले गेले आणि त्यांत कर्तनपट्टे, म्हणजे चिरडलेल्या खडकाच्या वाटा, पडल्या. खोलवरून 300 अंशांच्या आसपास तापलेलं पाणी, गंधक आणि कर्बवायू घेऊन, त्या वाटांनी वर आलं. सोनं त्यात गंधकाला बिलगून होतं. वाटेत लोहाने भरलेला खडक भेटला की गंधक लोहाकडे जातं, पायराइट आणि आर्सेनोपायराइट जन्मतं, आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. म्हणून मी म्हणत आलो : गारगोटीच्या शिरेपेक्षा तिच्या भिंतीचा खडक बघा. माझे काही विद्वान मित्र अजून शुभ्र गारगोटीच्या मागे धावतात. असल्या जाडजूड, देखण्या शिरा बहुतेक वेळा वांझ निघतात. त्यापेक्षा शेजारचा करडा, गंजलेला, कुणी वाकून न बघणारा दगड फोडा. लसणीसारखा वास आला तर आर्सेनोपायराइट आहे. नमुना घ्या, पुढचं प्रयोगशाळा सांगेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कंपन्या आल्या, भांडवल ओतलं, काही वर्षांत गाशा गुंडाळला. नंतर सर्वेक्षणं झाली, अहवाल झाले. सोनं नव्हतं असं नाही. पण आर्सेनोपायराइटच्या पोटात अडकलेलं सोनं नुसतं कुटून, पाऱ्याला लावून सुटत नाही.

सोन्याच्या शोधात आता सगळा भर धातुकाच्या टनांवर. बिहारच्या जमुईत 22 कोटी 28 लाख टन धातुक आहे म्हणून पाठ थोपटून घेतात. त्यात सोनं 37.6 टन, हे हळू आवाजात सांगतात. भागाकार केला तर टनामागे ग्रॅमचा सहावा हिस्सा. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला 2020 च्या फेब्रुवारीत तीन हजार टनांची आवई उठली, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने खुलासा केला तेव्हा हाती आलं साधारण 160 किलो. एकाही वाहिनीने धातुकात टनामागे किती ग्रॅम, हे आधी विचारलं नाही. भूशास्त्रातल्या नव्या पोरांना संगणकावर त्रिमितीय प्रतिमा छान जमते. ओढ्यात उतरायचं म्हटलं की बूट भिजतात.

2019 मध्ये कप्पतगुड्डचं सुमारे 244 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झालं. औषधी वनस्पतींसाठी गदगकरांनी, तिथल्या मठाच्या स्वामींसकट, त्यासाठी लढा दिला होता. माझ्या बिरादरीतले काही जण याला देशाचं नुकसान म्हणतात. मला तसं वाटत नाही. मूठभर शिरांसाठी अख्खा डोंगर उकरावा एवढं भरीव इथे कुणी दाखवलेलं नाही, आणि दाखवायचंच असेल तर सुरुंग लागत नाही. वनखात्याची रीतसर परवानगी काढून पावसाळ्यानंतर सोरटूर आणि डोणीच्या ओढ्यांची वाळू फाट्याफाट्यावर धुवावी, कण भिंगाखाली बघावेत आणि नकाशावर मांडावेत. अनुदानाच्या अर्जात या कामासाठी रकाना नसतो, म्हणून ते कुणी हाती घेत नाही.