सागरापलीकडचा गजानन

श्रावण सरत आला, की पेणच्या गणेशमूर्तींची आठवण घरोघरी होते. परंतु पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांतून परदेशी जावयाच्या मूर्ती त्यापूर्वी कित्येक महिने पेट्यांत बसून जहाजावर चढलेल्या असतात. मूर्ती सागर ओलांडते हे खरे. पण उत्सव सागर कसा ओलांडतो?

याचे उत्तर मॉरिशसच्या मराठी माणसांनी दिले आहे. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणची माणसेही होती. ज्या पायऱ्यांवरून हे मजूर पोर्ट लुईच्या किनाऱ्यावर उतरले, त्या ‘आप्रवासी घाटा’चा २००६ साली जागतिक वारशात समावेश झाला. त्यांच्यापाशी ना धन होते, ना ग्रंथसंग्रह. जे कंठस्थ होते, तेवढेच सोबत आले.

लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक उत्सवाला चालना दिली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९६ साली, हेन्रिएटा येथे मॉरिशसमधील पहिला गणेशोत्सव झाल्याची नोंद आहे. आज गणेश चतुर्थीनिमित्त त्या देशात सार्वजनिक सुटी असते. घरोघरी मोदक होतात, टाळ-मृदंग वाजतात. रोह्यास कुंडलिकेत आणि पेणेस भोगावतीत आपण ज्या भावाने विसर्जन करतो, त्याच भावाने तेथील भाविक नदीकाठी वा समुद्रतीरी बाप्पाला निरोप देतात. कोकणची जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नांदते. वादक-गायकांना मध्ये घेऊन फेर धरण्याची रीत पिढ्यांमागून पिढ्या टिकली आहे.

वाचकहो, यात एक विलक्षण गोष्ट आहे. तेथील अनेक मराठी घरांत रोजच्या व्यवहाराची भाषा आता क्रिओल आहे. शाळांतून मराठी शिकविली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचा अभ्यासही होतो. तरी स्वयंपाकघरातून आणि अंगणातून ती मागे सरली. ती आरतीत मात्र राहिली. ज्या मुलाला मराठीत चार वाक्ये बोलताना अडखळावे लागते, तेच मूल समर्थांची आरती टाळीवर म्हणते. तेथे भाषेने उत्सव राखला आणि पुढे उत्सवाने भाषा राखली.

शास्त्रदृष्ट्या पाहिले तर पार्थिव मूर्ती प्राणप्रतिष्ठेपूर्वी केवळ मृत्तिका होय. मंत्रोच्चार होतो, तेव्हा तिच्या ठायी देवत्वाचे आवाहन होते. उत्सवाचेही तसेच आहे. आरास, पक्वान्ने, वाद्ये हा त्याचा देह. त्याचा प्राण मनुष्याच्या वाणीत असतो. पेणची मूर्ती पेटीत घालून पाठविता येते. ही वाणी पेटीत घालता येत नाही. ती आईने मुलाच्या मुखी घालावी लागते.

आपल्याकडे मराठी अनायासे लाभली आहे, म्हणूनच तिची हेळसांड होते. ध्वनिमुद्रित आरती लावून आपण नुसत्या टाळ्या वाजवितो, आणि शब्द मुलांच्या कानावरून वाहून जातात. या चतुर्थीस यंत्र क्षणभर बंद ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी एकेक चरण सांगावा, अर्थ उलगडावा आणि लेकरांनी तो मागून म्हणावा. सागरापार गेलेल्या आपल्या बांधवांनी उसाच्या मळ्यांत राबून जे जपले, ते आपण आपल्या ओसरीवर गमावू नये.